लांडग्यासाठी तोळाभर चांदी

गौरी यायच्या आधी आमच्याकडे कपाटातली चांदी बाहेर निघते. फार काही नाही, दोन निरांजनं, एक अत्तरदाणी, कुंकवाचा करंडा आणि कुणाच्या तरी मुंजीतनं आलेल्या सहा वाट्या, ज्यांत आजवर कुणी काही खाल्लेलं नाही. परवा दुपारी मी ओट्याशी उभा राहून टूथपेस्टने निरांजन घासत होतो. बेकिंग सोडा, गरम पाणी आणि फॉइलची जी ट्रिक आहे तिच्यात खरं तर चांदी कमी जाते, घासण्यातच जास्त जाते, पण "फॉइलने चांदीचा जीव जातो" असं घरात एक मत आहे आणि त्या मतापुढे माझी बीएस्सी टिकत नाही. तर ते देठाजवळचं काळं, जिथे बोट पोचत नाही आणि ब्रशही वाकडा होतो, ते घासता घासता डोक्यात आलं की असलं हळवं, नुसत्या हवेने काळं पडणारं मटेरियल लांडग्याला मारायला कुणाला सुचलं असेल?

लांडगा म्हणजे तो, पौर्णिमेला माणसाचा होणारा. आमच्या लहानपणी केबलवर रात्री उशिरा असले इंग्रजी सिनेमे लागायचे. धुकं, चंद्र, शर्ट टराटरा फाटतो, हाताला केस उगवतात आणि शेवटी कुणीतरी खिशातनं चांदीची गोळी काढतो. आम्ही भावंडं पांघरुणाच्या फटीतनं बघायचो. आई मागे कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असायची, ती एकदा म्हणाली, "ती गोळी नंतर काढून घेतात का रे?" झालं, त्या लांडग्याची भीती तिथेच संपली. पण प्रश्न रास्त आहे की नाही सांगा. एक गोळी म्हणजे धरा तोळाभर चांदी, नेम चुकला तर ती झाडीत गेली, सकाळी कंदील घेऊन शोधत बसा. लागली तरी ती लांडग्याच्या बरगडीत, आणि मेल्यावर त्याचा परत माणूस होतो म्हणजे पंचनामा आला, मग ती मुद्देमालात जमा. सराफाकडे मोड म्हणून घालायलासुद्धा हाती येणार नाही.

आणि ती बनवायची कशी हे कुणीच दाखवत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, शिकाऱ्याला चुलीवर लोखंडी पळीत करता येतं. चांदीला ९६२ च्या आसपास तापमान लागतं, म्हणजे भट्टी आली, मूस आली, म्हणजेच सोनार आला. आता सोनाराकडे जाऊन सांगायचं की गोळ्या पाडून द्या. तो विचारणार कसल्या, किती, घडणावळ सांगणार, घट धरणार, मंगळवारी या म्हणणार. मंगळवारपर्यंत गावभर झालेलं असणार. आणि तो लांडगा दिवसा त्याच गावातला माणूस ना, त्याच्या कानावर जाणार नाही? कदाचित तोच सोनार असेल.

जुन्या गोष्टींत मात्र हे भान दिसतं. ग्रिम बंधूंच्या एका कथेत चेटकिणीला शिशाच्या गोळ्या लागत नाहीत, तर तो शिकारी काय करतो, कोटाची चांदीची बटणं तोडतो आणि बंदुकीत भरतो. अंगावरच होती, तोडली, संपला विषय. मला हे फार आवडतं. फ्रान्समध्ये जेव्होदाँ भागात १७६४ ते १७६७ अशी तीन वर्षं एका जनावराने धुमाकूळ घातला होता, बायकापोरं मारली, राजाने शिकारी पाठवले आणि शेवटी झाँ शास्तेल नावाच्या तिथल्याच माणसाने ते मारलं. त्याने चांदीची गोळी वापरली असं सगळीकडे ठोकून दिलेलं असतं, ती नंतरच्या लेखकांची भर. आणि ज्या १९४१ च्या सिनेमाने चांदीचं हे प्रकरण घरोघरी नेलं त्याच्यात गोळी नाहीच, चांदीच्या मुठीची काठी आहे. बाप त्या काठीने लांडग्याला झोडतो आणि मग खाली बघतो तर पोटचा मुलगा. लहानपणी हा सीन बघताना काही वाटलं नव्हतं, आता बघवत नाही.

काठी म्हटल्यावर आमच्या आजीने नाक मुरडलं असतं. तिचं म्हणणं, वस्तूला धार पाहिजे.

कोकणात आजोळी मावशी बाळंतपणाला आली होती तेव्हाची गोष्ट. बाळ घरी आलं त्या दिवशी संध्याकाळी आजोबांनी पानाचा डबा उघडला आणि अडकित्ता नाही. काळा लोखंडी, एका पात्याला टवका गेलेला, त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा.

"अगं, माझा अडकित्ता कुठाय?"

"बाळाच्या उशाशी ठेवलाय. बारशापर्यंत मागायचा नाही."

"मग सुपारी काय वरवंट्याने फोडू?"

"वरवंटा पाचवीला लागणारे."

आजोबा सरळ माणूस, भुताखेतांवर विश्वास नाही, पण सुपारीवर होता. दोन दिवस त्यांनी नुसतं पान खाल्लं आणि सगळ्यांशी तुटक बोलले. मग कधीतरी दुपारी सगळ्या बायका लवंडलेल्या असताना त्यांनी हळूच तो काढून घेतला आणि दुपट्याखाली त्यांच्या सायकलच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर ठेवला. मी बघितलं, त्यांनी मला बघितलं, एक सुपारीचं खांड माझ्या हातावर आलं. पुढे आजीला तो सापडलाच आणि जे भांडण झालं त्याला तोड नाही. आजोबांचा मुद्दा असा की लोखंड ते लोखंड, सटवाईला काय आकार कळतो? आजीचा असा की पेचकसाला घाबरेल ती कसली बाधा. पाचवीला मग विळाच आला, कोरा कागद आणि पेन शेजारी, आणि आजोबा जाता जाता म्हणाले, "पेनात शाई बघून घ्या, नाहीतर पोराचं नशीब कोरं राहायचं." ते पोर आता पुण्यात आयटीत आहे, त्याचं बरं चाललंय, धार का धातू हा निकाल तेवढा राहिला.

पुढे कधीतरी वाचलं की स्कॉटलंड-इंग्लंडकडेही पाळण्यावर उघडी कात्री नाहीतर चिमटा टांगायचे, परीलोकातली माणसं बाळ बदलून नेऊ नयेत म्हणून. म्हणजे तिथेही कुणाचा तरी आजोबा कात्री शोधत फिरला असणार. त्यांच्याकडच्या परीला लोखंड चालत नाही, दारावर घोड्याची नाल ठोकली की ती उंबऱ्याच्या आत येत नाही. आपल्याकडेही नाल ठोकतातच. एवढ्या लांबवर दोन्हीकडे एकच वस्तू कशी, ह्यावर विद्वानांनी बरंच लिहिलंय, मला त्यात शिरायचं नाही.

ड्रॅक्युलाकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. कुणीही विचारा, रक्तपिशाच कशाने मरतं? उन्हाने. साफ चूक. १८९७ च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये पिकाडिलीत उभा राहून एका सुंदर मुलीकडे बघत असतो. दिवसा त्याच्या शक्ती उतरतात, बाकी काही होत नाही. उन्हाने मरणं हे १९२२ च्या जर्मन मूकपटाचं काम. आणि त्याच्या छातीत लाकडी खुंटा ठोकून मारतात हेही नाही. खुंटा लूसीच्या वाट्याला येतो, म्हणजे ड्रॅक्युलाने चावून पिशाच केलेल्या मुलीच्या. ड्रॅक्युलाला सूर्य बुडता बुडता दोन सुऱ्यांनी मारलंय, एक अमेरिकन माणसाचा बाउई सुरा छातीत आणि दुसरी गळ्यावरनं फिरलेली चक्क कुकरी. आपली गुरख्यांची कुकरी! ट्रान्सिल्व्हेनियाच्या बर्फात, एका इंग्रज वकिलाच्या हातात. सगळी पवित्र सामग्री बरोबर असताना, लसूण आहे, क्रूस आहे, चर्चमधला प्रसाद आहे, आणि शेवटच्या घावाला नेपाळचं लोखंड. आजी बरोबर होती म्हणायचं. धार पाहिजे.

लसणाची तर मजाच आहे. त्याच कादंबरीत, लूसी अजून माणूस असताना, तिच्यावर उपचार करणारा प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग तिच्यासाठी लसणाची फुलं हॉलंडमधल्या हार्लेमहून मागवतो, तिथे त्याचा मित्र काचेच्या घरात बारा महिने लसूण लावतो. गळ्यात माळ घालतो, खिडक्यांना चोळतो, एवढं सगळं करतो. आणि रात्री लूसीची आई येते, खोलीत काय हा कुबट वास म्हणून माळ काढून टाकते आणि वर खिडकीही उघडते. लेकीला मोकळी हवा मिळावी म्हणून. जगातली यच्चयावत शस्त्रं आयांपुढे अशीच निकामी होतात. शिवाय लसणात गंधकाचे पदार्थ असतात आणि चांदी काळी पडते ती गंधकानेच, त्यामुळे लांडग्याची गोळी आणि पिशाचाची माळ एका खिशात ठेवून शिकारीला निघालात तर काही दिवसांत गोळी काळीठिक्कर. हे कुठल्याच लेखकाने वापरलेलं मी पाहिलं नाही, कुणाला हवं असेल तर घ्या.

माझी एक खोड आहे, ती सांगतो. अशा गोष्टींत हत्यार कुठलंही असो, मीठ असो, चांदी असो, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली ड्रॅगनकाच असो, माझी हरकत नाही, पण आधी सांगा. पाचव्या पानावर सांगा. शेवटच्या पानावर तळघरातनं अचानक प्राचीन खंजीर निघाला की मी पुस्तक मिटतो, सिनेमा असेल तर चहा टाकायला उठतो. हा तर सरळसरळ कॉपी करून पास होण्याचा प्रकार झाला. याबाबतीत आपली पुराणं एकदम चोख, तिथे अटी आधीच ठरतात आणि मग तपशीलवार पळवाट काढली जाते. हिरण्यकशिपूचं सगळ्यांना पाठ आहे. मला वृत्राचं जास्त आवडतं. इंद्राने कबूल केलेलं, ओल्याने मारणार नाही, सुक्याने नाही, दगडाने नाही, लाकडाने नाही, शस्त्राने नाही, दिवसा नाही, रात्री नाही. मग एका संधिकाळी समुद्राकाठी इंद्राला दिसतो फेस. ओला म्हणावा तर ओला नाही, सुका म्हणावा तर सुका नाही. विष्णू त्या फेसात शिरतो आणि इंद्र तो फेस फेकून मारतो. एवढा मोठा वृत्र, आणि गेला कशाने तर फेसाने! युरोपातल्या पिशाचाला वस्तू मारते, आपल्याकडच्या असुराला ड्राफ्टिंगमधली चूक मारते. आपल्याकडे वकील एवढे का, याचं मूळ इथेच कुठेतरी असावं.

पण हे झालं पुराणातलं. गावातल्या भुताला मारतंय कोण? आजोळी कुणीच कधी भूत मारल्याचं ऐकलं नाही. त्याच्याशी बोलायचं, काय पाहिजे विचारायचं, नारळ द्यायचा, कोंबडा कबूल करायचा, वर्षाचं ठरवून टाकायचं. राखणदार तर हद्दीवर ठेवलेलाच असतो, त्याला विडीकाडी पोचती केली की तो आपलं बघतो. तळकोकणात आणि गोव्यात वेताळाला चपला वाहतात, कारण तो रात्रभर गावाच्या सीमेवर फिरतो आणि त्याच्या झिजतात. चामड्याच्या मोठाल्या वहाणा, करकरीत, देवळात ठेवलेल्या. ज्याला मारायला चांदी शोधायची त्यालाच आपण नवीन जोडे देतोय. हे बघून मला आपल्या लोकांबद्दल एकदम बरं वाटलं होतं आणि पुढे बराच काळ मी हे चारचौघांत ऐकवायचो, की बघा, तिकडे खुंटा आणि आपल्याकडे चपला.

मग पुढचं वाचलं. खुंटा काही लेखकाने हवेतनं काढलेला नव्हता. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात लोकांनी एका मेलेल्या शेतकऱ्याची कबर उकरली, प्रेतात खुंटा ठोकला, जाळलं, आणि ऑस्ट्रियाचा सरकारी अधिकारी शेजारी उभा राहून रिपोर्ट लिहीत होता. असले प्रकार इतके वाढले की १७५५ मध्ये मारिया तेरेसा राणीने आपल्या वैद्याच्या, व्हान स्वीटेनच्या, सल्ल्याने कबरी उकरण्यावर बंदी घातली. ती बिचारी प्रेतं तरी होती, त्यांना काही कळत नव्हतं.

आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. त्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे, मिळाली तर वाचा, पहिलंच कलम भूत उतरवण्याचं आहे. दोराने किंवा साखळीने बांधणे. काठीने, चाबकाने मारणे. पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणे. मिरचीची धुरी देणे. छताला टांगणे. केस उपटणे. तापवलेल्या वस्तूचे चटके देणे. सगळं घरातलंच सामान. आणि कायद्यात एखादी गोष्ट इतक्या बारकाईने लिहावी लागते ती कुणी कल्पना केली म्हणून लिहीत नाहीत, कुठेतरी कुणातरी बाईवर ती आधी करून झालेली असते.