तुम्ही विचारलंत म्हणून : नेटची वायर सैल का सोडता?

नाशकात गंगापूर रोडची सोसायटी असो की सिडकोतली गल्ली, फायबर ओढून आम्ही शिड्या उतरवायला लागलो की कोणीतरी काका खाली येतात, वर बघतात आणि विचारतात, ‘अहो, एवढी सैल का सोडली? ताठ करा की जरा. काम कसं नीट दिसलं पाहिजे!’ प्रश्न रास्त आहे. सरळ रेषेत गेलेली वायर डोळ्यांना बरी वाटतेच. शिडीच्या पायथ्याशी उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देतो.

समजा दोन पोलांत ५० मीटर अंतर आहे आणि केबलचं वजन मीटरला १०० ग्रॅम. म्हणजे अधांतरी लटकलेली केबल सगळी मिळून पाच किलो. मधोमध अर्धा मीटर झोळ ठेवला तर केबलवर, आणि तिला धरून ठेवणाऱ्या क्लँपवर, साधारण ६२ किलोचा ताण येतो. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट, १२५ किलो. काकांच्या मनासारखी, पाच सेंटिमीटर झोळाची ‘सरळ’ करायला गेलो तर ६२५ किलो! गच्चीवर कपड्यांची दोरी ताठ बांधून मधोमध ओली चादर टाकली की भिंतीतला खिळा उपटून हातात येतो ना, तसंच आहे हे.

आता याची दुसरी बाजू, जी मला स्वतःला कायम गमतीची वाटते. अर्धा मीटर झोळ दिसायला भरपूर दिसतो, पण त्यासाठी सरळ अंतरापेक्षा जास्तीची केबल लागते किती? जेमतेम १३ मिलिमीटर. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि जानेवारीत पहाटे दहाच्या खाली उतरतो. जिच्या डोक्यावरून पोलादी तार जाते ती इंग्रजी आठच्या (8) आकाराची केबल घ्या. तीस अंशांच्या फरकाने ५० मीटर पोलाद १८ मिलिमीटर आखडू पाहतं. ताण आला की पोलाद थोडं लांबतं, म्हणून तार लगेच तुटत नाही, पण ताण मात्र चढत जातो. त्यामुळे उन्हाळ्यात ओढलेल्या केबलला आम्ही मुद्दाम जास्त झोळ ठेवतो. मे महिन्यात ताठ केलेली लाइन थंडीत क्लँपमधून सरकते, नाहीतर शेवटचा पोल आपल्याकडे वाकवते.

काचेचं काय होतं, ते तर खालून दिसतच नाही. केबलच्या आत नेट वाहून नेणारा काचेचा धागा १२५ मायक्रॉनचा, केसाएवढा. जास्त ताणात तो त्याच दिवशी तुटला तर बरं, निदान कळतं तरी. पण काचेवर बारीक ओरखडे असतातच, आणि कायम ताणाखाली, दमट हवेत, ते हळूहळू वाढत जातात. मग एखाद्या पावसाळ्यात काही कारण नसताना घरातल्या नेटच्या डब्याचा लाल दिवा लागतो. लोक कंपनीला शिव्या घालतात. वळणाचंही तसंच आहे. १२ मिलिमीटर जाडीची केबल ओढताना २४ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवायची नाही, बसवून झाल्यावर १२. कोपऱ्यावरच्या पोलाला ती नुसती अडकवून ओढणारी पोरं बघितली की माझं डोकं फिरतं.

झोळ अंदाजाने सोडत नाहीत. दोन्ही पोलांवर क्लँपपासून अर्धा मीटर खाली रंगीत पट्टी चिकटवायची, एका पट्टीच्या रेषेत डोळा ठेवून दुसरी बघायची, आणि केबलचा सगळ्यात खालचा भाग त्या रेषेला टेकला की ‘बस’ म्हणायचं. केबल ओढायच्या साधनात ताण मोजायचा काटा असतोच, पण माझा विश्वास पट्टीवर जास्त.

रस्ता ओलांडताना सगळ्यात खालच्या बिंदूपासून ५.५ मीटर मोकळे राहिलेच पाहिजेत. पोलापाशी मोजून उपयोग नाही. वाकडी बारवपासून निघणारी गणपतीची मिरवणूक आठवा, म्हणजे का ते कळेल. झोळ हवा म्हणून केबल खाली येऊ द्यायची नसते, क्लँप वर चढवायचा असतो.

आणि ताठ ओढण्याचा खरा धोका आमच्या माणसाला असतो. वीजवाहिनीच्या पोलावर आमची जागा विजेच्या तारांच्या खाली. गच्च ओढलेली केबल हातातून सुटली किंवा फांदीतून निसटली की एकदम वर उसळते, आणि वर ११ केव्ही, म्हणजे अकरा हजार व्होल्ट, असू शकतं. धातू नसलेली केबल असली तरी धूळ बसून ओली झालेल्या आवरणावरून करंट येतो, म्हणून रिमझिम असली तरी काम बंद. पोलावर चढायच्या आधी टेस्टरने तपासायचं, बेल्ट आधी लावायचा, मग हात मोकळे करायचे. दगडाला दोरा बांधून तारांवरून पलीकडे फेकायचा उद्योग काही टोळ्या अजून करतात. माझ्याकडे कोणी तसं केलं तर त्याच दिवशी घरी पाठवतो, मग तो कितीही हुशार असो.

आता हेही मान्य करतो, की जुन्या नाशकात, रविवार कारंजाकडे, जे भेंडोळं डोक्यावर येतं त्याला झोळ म्हणत नाहीत. त्यातल्या बऱ्याच केबल मेलेल्या असतात. ग्राहक सोडून गेला, ऑपरेटर बदलला, केबल तिथेच. काढायचे पैसे कोणी देत नाही, म्हणून कोणी काढत नाही. तिथे तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर. पोलावर नीट बांधलेलं गोल वेटोळं मात्र राहू द्या. कुंभमेळ्यासाठी रस्ता रुंद झाला आणि पोल दोन मीटर सरकला, तर त्या वेटोळ्यातूनच केबल सुटते आणि मध्ये जोड मारावा लागत नाही.

तेव्हा काका, झोळ गुळगुळीत, एकसारखा असेल तर काळजी नको. एकाच ठिकाणी कोन करून खाली आला असेल, किंवा क्लँपपाशी आवरण सोललेलं दिसत असेल, तर पोलाचा नंबर घेऊन कळवा. आणि संक्रांतीत अडकलेला मांजा काठीने ओढू नका. केबलच्या वरच विजेची तार असते, आणि पोरं तर लोखंडी गजच घेऊन येतात.