बोट रात्री कुठे लागते ते आधी विचारा : स्प्लिट ते डुब्रॉव्हनिक

नाशिकमध्ये क्रोएशियाच्या बोट सहलीची चौकशी केली की केबिनचे आणि डेकवरच्या आरामखुर्च्यांचे फोटो पुढे येतात. रात्री बोट कुठे लागणार, हे कुणी आपणहून सांगत नाही. माझ्या मते आठवडा सुखात जाणार की चिडचिडीत, हे निम्मं त्यावरच ठरतं.

ही हजारो प्रवाशांची क्रूझ नव्हे. अठरा-वीस केबिन, तीस-चाळीस माणसं. बहुतेक बोटी शनिवारी सुटतात आणि ब्राच, ह्वार, विस, कोर्चुला, म्ल्येत अशी बेटं करत डुब्रॉव्हनिकला पोचतात. रात्री प्रवास नाही, रोज एखाद्या गावात मुक्काम. रात्रीचं जेवण बहुधा पैशांत धरलेलं नसतं. ते गावात करायचं, फेरी मारायची आणि पायी बोटीवर परतायचं. मोठ्या जहाजापेक्षा मला हे शतपटीने आवडतं.

अडचणही याच मुक्कामात आहे. या गावांचे धक्के जुने आणि आखूड. जुलै-ऑगस्टमध्ये जागा पुरत नाही, म्हणून पहिली बोट धक्क्याला लागते, दुसरी तिला चिकटून आणि तिसरी दुसरीला. मध्ये फक्त आदळआपट झेलणारे रबरी फेंडर. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत मागच्या बिऱ्हाडाला पुढच्यांच्या ओटीवरून जावं लागायचं, तसं बाहेरच्या बोटीवरच्यांना मधल्या बोटींच्या दिवाणखान्यातून गावात उतरावं लागतं. दारासमोर दार येईल अशाच बोटी लावतात आणि मध्ये फळी टाकतात. दोन्ही बोटी आपापल्या लयीत वर-खाली होत असतात, त्यामुळे फळी एका टोकाला उचलली जाते. खलाशी हात पुढे करतो, तो बिनधास्त धरावा. साडी नेसली असेल तर नक्कीच.

मधल्या बोटीवर खिडकीचा पडदा सारला की हातभर अंतरावर दुसऱ्यांची खिडकी. समुद्र दिसावा म्हणून जास्त पैसे भरलेल्या माणसाला हे खटकणारच. त्याहून त्रासदायक म्हणजे जनरेटर. धक्क्यावरून सगळ्या बोटींना पुरेशी वीज मिळतेच असं नाही, मग एसीसाठी तो रात्रभर चालू राहतो आणि धूर शेजारच्या डेकवर येतो. शिवाय आतल्या बोटीला निघायचं असेल तर बाहेरच्यांना आधी दोर सोडावे लागतात, म्हणून भल्या पहाटेच आरडाओरडा सुरू होतो.

म्हणून बुकिंगआधी बंदरांची नावं लेखी मागा. कार्यक्रमात नुसतं 'ह्वार' लिहिलं असेल तर ह्वार गाव की स्तारी ग्राद, ते विचारा. ह्वार गावात जागा नसली की बोट बेटाच्या उत्तरेला स्तारी ग्रादला लागते आणि पुढे बसने जावं लागतं. मला स्वतःला स्तारी ग्राद जास्त शांत वाटतं, पण ते आधी माहीत असलेलं बरं.

केबिन शक्यतो बोटीच्या मध्यावरचं घ्या. मागे इंजिनाची धडधड. पुढे नांगराची साखळी: सकाळी ती वर ओढताना एकेक लोखंडी कडी डोक्याशी आपटल्यासारखी वाजते. खालचा डेक स्वस्त आणि डोल कमी, पण खिडकी गोल आणि न उघडणारी. बॅग मऊच न्या, ती पलंगाखाली सरकते. कडक सुटकेसला जागा नसते. आपल्या मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना तिथे चालतात, जाड तीन पिनांना अडॅप्टर लागतो. युरो रोख जवळ ठेवा, कारण प्रवासी कर आणि बंदराचं शुल्क बऱ्याचदा बोटीवरच भरायचं असतं.

बोटी सकाळी का पळतात, हे वाऱ्यांवरून कळतं. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून माएस्त्राल सुटतो. तो निरुपद्रवी, पण पाणी थोडं हलतं, म्हणून त्याआधीच पळायचं. आग्नेयेचा युगो मात्र ढग आणि लांब लाटा घेऊन येतो आणि दिवस-दिवस टिकतो. तो असला की विसजवळच्या बिशेवो बेटावरची निळी गुहा बंद. होड्यांसाठीचं तिचं तोंड 1884 मध्ये मुद्दाम फोडून केलेलं आहे, तरी उंची जेमतेम दीड मीटर. छोट्या होडीत वाकून बसावं लागतं, लाट असेल तर आत जाणंच अशक्य. ऊन आत नेमकं पोचतं ते अकरा-बाराच्या सुमारास, तेव्हाच रांगही सर्वांत मोठी. पोहायला थांबाल तिथे रबरी बूट घाला, खडकांवर समुद्री अर्चिन नावाच्या प्राण्याचे काटे असतात.

शाकाहारींनी नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ताटात मासा येतो. 'बेझ मेसा इ रिबे', म्हणजे मांस-मासे दोन्ही नको, असं कागदावर लिहून पहिल्याच दिवशी स्वयंपाक्याला द्या. सूप कशाच्या पाण्यात केलंय, तेही विचारा. बटाटा घातलेली ब्लित्वा ही पालेभाजी बिनधास्त खा. लसूण असतो, फक्त तिखट सोबत न्या.

कोर्चुलाला बोट दुपारी लागली तर आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांनी गावात रेंगाळू नये, बसने थेट लुंबार्दा गाठावं. तिथल्या वाळूच्या जमिनीत ग्रक नावाचं पांढरं द्राक्ष होतं. त्याची फुलं कार्याने मादी, स्वतःचं परागीभवन होत नाही, म्हणून ओळींशेजारी प्लावात्स माली हे काळं वाण लावावंच लागतं. थॉम्पसन किंवा शरद ही आपली वाणं लावणाऱ्याला असा हिशेब कधी करावा लागत नाही. ओळींमध्ये उभं राहून पानं पाहिली की दोन वाणांतला फरक कळतो. तिकडची तोडणी साधारण सप्टेंबरात, आणि तेव्हा पाणीही अजून उबदार असतं, धक्क्यांवरची गर्दी ऑगस्टपेक्षा कमी. पहिल्या पंधरवड्यातली बोट घेतली तर बागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी निवांत घरी पोचता येतं.