तुम्ही विचारलंत म्हणून: ट्यूबलाइटवर स्पीड का लावत नाही

जुने कॉम्प्युटर जमवणारी पोरं फोन करतात. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह उलटी ठेवलेली असते, फ्लायव्हीलवरच्या पट्ट्या ट्यूबलाइटखाली थांबलेल्या दिसत असतात. प्रश्न ठरलेला: “काका, पट्ट्या थांबल्या की स्पीड बरोबर, मॅन्युअलमध्ये हेच लिहिलंय, मग तुम्ही काहून नाही म्हणता?” एखादा वर विचारतो, “गावाकडची लाइट खराब होती म्हणून का?”

खराब होतीच, पण व्होल्टेजची. व्होल्टेजवर खापर मीही खूप वर्षं फोडलं, त्यापायी स्टॅबिलायझर घेतला. पण फ्रिक्वेन्सी (वीज सेकंदाला किती हेलकावे घेते ते) जी नागपुरात, तीच आमच्या दारव्ह्याकडे. ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, एकच.

पद्धत चुकीची नाही. ५० हर्ट्झवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. या ड्राइव्हचा ठरलेला स्पीड ३०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ३०० फेरे, सेकंदाला ५, रिंगवर २० पट्ट्या. दर लुकलुकीला पुढची पट्टी मागचीच्या जागी येते, म्हणून थांबल्यासारखी दिसते. फक्त वीज ५० ची पाहिजे.

१९९६. एका दालमिलचं मशीन. हार्डडिस्क कुरकुरत होती, त्यांची फ्लॉपी ड्राइव्ह मेलेली. मी माझी ड्राइव्ह बसवली. संध्याकाळी सातची वेळ, ट्यूबखाली प्रीसेट (स्पीड लावायचा छोटा स्क्रू) फिरवून पट्ट्या थांबवल्या आणि पाच नव्या डिस्का फॉरमॅट केल्या. एकही कुरबूर नाही. इथेच फसलो. ड्राइव्ह जोरात फिरत असली तर फॉरमॅट बोंबलतं, कारण ट्रॅकची शेपूट तोंडावर येऊन पडते. हळू फिरली तर उलट जागा जास्तच उरते, सगळं निमूट होतं. तुरीच्या सीझनची सगळी उधारी कॉपी केली, त्याच ड्राइव्हवर वाचून दाखवली. मिलच्या दिवाणजींनी विचारलं, “आता जुनं मशीन दिलं तं चालते ना?” मी म्हटलं, बिनधास्त द्या.

मधल्या दिवसांत एका पहाटे पाहतो तर माझ्या ड्राइव्हच्या पट्ट्या सरकताहेत. बेल्ट ढिला झाला असं धरून चाललो. पुन्हा प्रीसेट फिरवला, पट्ट्या पुन्हा थांबल्या.

अकोल्याहून नवं मशीन आलं. पहिली डिस्क घातली: सेक्टर नॉट फाउंड. दुसरी, तेच. माझी ड्राइव्ह आणून जोडली, तीही वाचेना. जिनं लिहिलं तिलाच वाचता येईना! अबॉर्ट, रिट्राय, फेल; मी रिट्राय दाबत बसलो, दिवाणजी शेजारी उभे. रात्री साडेअकराला म्हणाले, “राहू द्या, पावत्या आहेत.” पुढं तीन आठवडे त्यांनी कच्च्या पावत्यांवरून उधारी पुन्हा चढवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कारण कळलं ते किती तरी वर्षांनी, सबस्टेशनमध्ये ओळखीच्या ऑपरेटरकडे चहा पिताना. तो सहज बोलून गेला की त्या काळी संध्याकाळी लोड चढला की फ्रिक्वेन्सीचा मीटर ४८.५ दाखवायचा, पहाटे लोड उतरला की ५० च्या वर. चहा तसाच राहिला. ४८.५ म्हणजे सेकंदाला ९७ लुकलुकी. २० पट्ट्यांवर थांबवलेली ड्राइव्ह निघाली २९१ आरपीएमची. डिस्का लिहिल्या त्या स्पीडवर, आणि पहाटे मीच तिला ३०० च्याही पुढे नेलं होतं.

तेव्हाचा मी म्हणेल, मला कोण सांगणार होतं? खरं आहे. पण डिस्का वाचेनात तेव्हा प्रीसेट उलटा फिरवून एक डिस्क वाचून बघायला काय हरकत होती? तेही नाही सुचलं. बेल्टला दोष देणं सोपं होतं.

आता तुमचं ऐकतो. २००२ नंतर पश्चिम ग्रीडमध्ये फ्रिक्वेन्सी पाडणाऱ्याला त्याचे पैसे मोजावे लागायला लागले. आज ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचा नियम आहे. म्हणजे जुना तांब्याचा चोक असेल तर तुमच्या पट्ट्या बहुतेक खऱ्याच बोलतात. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा एलईडी असेल तर त्या कशाबद्दल बोलताहेत देव जाणे. मी मात्र इमेजडिस्क या फ्लॉपीच्या प्रोग्रॅमची आरपीएम टेस्टच लावतो. ती कॉम्प्युटरच्या क्रिस्टलच्या घड्याळावर मोजते: एक फेरा २०० मिलिसेकंद. तरी सवयीनं ट्यूबकडे मान जातेच.

त्या पाच डिस्का दिवाणजींच्या घरी असाव्यात, ते काही टाकत नाहीत. बुरशी लागली नसेल तर ड्राइव्ह २९१ वर लावून वाचता येतील, असं वाटतं. मागायला अजून गेलो नाही.