चष्मा, मी आणि ४८० मायक्रॉन
सातवीपासून नाकावर बसलेला चष्मा एकदाचा उतरवायचा, म्हणून आज तपासणीला गेले. डोक्यात पक्कं होतं: स्माइल, म्हणजे चष्मा घालवायची एक लेझर शस्त्रक्रिया. छेद जेमतेम २ ते ४ मिलिमीटरचा, लॅसिक या दुसऱ्या लेझर पद्धतीसारखा पापुद्रा उचलायची भानगड नाही. पण माझा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, निघाला पातळ: जाडी ४८० मायक्रॉन. साधारण ५४० च्या आसपास असते म्हणे. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पीआरके बरी." हीसुद्धा लेझरचीच पद्धत: कॉर्नियाचा वरचा नाजूक थर काढायचा, मग लेझर. तो थर पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस डोळ्यांत चुरचुर, नजर स्थिरावायला आणखी काही आठवडे. तिघींतली सगळ्यात जुनी पद्धत माझ्याच नशिबी!

आई म्हणाली, "चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेलच ना?" लागेलच.

बाहुल्या मोठ्या करणाऱ्या थेंबांमुळे अजून सगळं धूसर आहे. टायपिंग धाकट्या भावाचं, चुकाही त्याच्याच.