ग्रीन चीकचा शोध: चौथा महिना

मंडळी, ग्रीन चीक कॉन्युअर हा छोटा परदेशी पोपट घरी आणायचा आहे. त्यासाठी या महिन्यात दोन ब्रीडरांकडे जाऊन आलो.

पहिल्या ठिकाणी पिल्लू लगेच न्या म्हणाले. चोवीस दिवसांचं, पंखांत अजून काड्याकाड्या, सोबत फॉर्म्युल्याची (पिल्लांना कालवून भरवायच्या खाण्याची) पुडी आणि सिरिंज. 'स्वतः भरवलंत की लळा लागतो,' हे त्यांचं म्हणणं. आईबाप दाखवा म्हटलं तर 'दुसऱ्या जागी आहेत.' मी तिथूनच परत फिरलो.

त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून असंच अर्धवट वयाचं कॉकाटील (तुऱ्याचा छोटा पोपट) आणलं होतं. फॉर्म्युला साधारण ४० अंशांवर लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनगटावर थेंब टाकून बघायचो आणि भरवेपर्यंत तो थंड व्हायचा. गार खाणं गळ्याखालच्या पिशवीत तसंच पडून राहतं, आंबतं. सहाव्या दिवशी सकाळी पिशवी आदल्या रात्रीइतकीच फुगलेली होती. डॉक्टरांकडे नेलं, पण उशीर झाला होता. जास्त गरम झालं तर तीच पिशवी आतून भाजते. नवख्या माणसाच्या हाती दूधपितं लेकरू द्यावं, तसंच आहे हे. लळा लागायला भरवावं लागत नाही. खायला लागलेलं पिल्लूही रोज हातावर घेतलं की माणसाळतं.

दुसरं घर चिंचवडला, एका काकूंचं. गच्चीवर जाळीची खोली, दोन वेगळ्या जोड्या. आत जाण्याआधी चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले. मग प्रश्न सुरू: दिवसभर घरी कोण असतं? स्वयंपाकात नॉनस्टिक आहे का? (तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो. आम्ही बिडाचा तवा कधीच आणला आहे.) मी त्यांना पारखायला गेलो होतो आणि त्या मला पारखत होत्या. मला ते फार आवडलं.

पिल्लाच्या पायात बंद, म्हणजे जोड नसलेली रिंग. ती पाय कोवळा असताना, पहिल्या दोनेक आठवड्यांतच चढते. नंतर बोटांवरून जात नाही. रिंगचा नंबर वहीत, त्यासमोर जोडीचा नंबर, खाली रोजचं सकाळचं वजन, तेही पिशवी रिकामी असताना घेतलेलं. आईबाप समोरच बसले होते, पिसं तुकतुकीत. त्यांचे पीबीएफडी आणि पॉलिओमा या पोपटांच्या दोन विषाणूजन्य आजारांचे रिपोर्ट काकूंनी न मागता काढून दाखवले. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यातही हे विषाणू असू शकतात, म्हणून मी रिपोर्टांवर अडून बसतो.

कागदांचं थोडक्यात. कॉन्युअर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये, म्हणून आपल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येतो. २०२४ च्या नियमांनुसार पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायचा. काकूंची नोंदणी झालेली आहे, हस्तांतराचे कागद त्या पिल्लासोबत देतील. आफ्रिकन ग्रे हा करडा पोपट परिशिष्ट १ मध्ये असल्याने त्याच्या ब्रीडरला वेगळा परवानाही लागतो. तो बघितल्याशिवाय कुणी पैसे देऊ नका.

शेजारच्या आजोबांनी 'त्यापेक्षा आपला मिठू आण की' असं सुचवलं. त्यांच्या लहानपणी घरोघरी पिंजरा असायचा. पण आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळणं गुन्हा आहे. बाजारात येणारी पिल्लं बहुतेक झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात, हे सांगितल्यावर आजोबा बराच वेळ गप्प बसले.

काकूंची अट एकच: स्वतःहून खायला लागल्यावर पुढचे दोन आठवडे वजन टिकलं, तरच पिल्लू मिळेल. आगाऊ पैसेही घेतले नाहीत. रोज रात्री वजन कळवतात. सोमवारी ६६ ग्रॅम, बुधवारी ६४, शुक्रवारी ६२. पहिला आकडा उतरल्यावर मी घाबरून फोन केला. उडायला शिकताना थोडं उतरतंच, म्हणाल्या. काल ६२ वरच होतं. भिजवलेले मूग पहिल्यांदा स्वतः सोलून खाल्ले, रात्रीचं एक फीड मात्र अजून मागतं आहे.