ला पोसाचा तळ

ब्लाइथ गाव मागे टाकून कोलोरॅडो नदीचा पूल ओलांडला की कॅलिफोर्निया संपतं आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं. मग डोम रॉकच्या डोंगरातला चढ लागतो. ट्रेलर ओढताना आमच्या पिकअपला इथे धाप लागते, म्हणून उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागोमाग सावकाश चढायचं. खिंड ओलांडली की अख्खं खोरं एकदम समोर उघडतं आणि त्यात लांबवर पांढरे ठिपके दिसतात, तांदूळ सांडल्यासारखे. ते सगळे आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाची कायमची वस्ती जेमतेम अडीच हजारांची. पण जानेवारीत भोवतालचं वाळवंट हजारो फिरत्या घरांनी भरून जातं.

आमचं हे चौथं वर्ष. त्या ठिपक्यांत आपली माणसं कुठे आहेत ते खिंडीतून कळत नाही. पण ती आहेत, एवढ्यानेच मला बरं वाटायला लागतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीतलं घर विकलं. सत्तावीस वर्षांचा संसार तीस फुटी ट्रेलरमध्ये बसवला. कुकर, मिसळणाचा डबा, मिक्सर, देव आणि नवऱ्याची पेटी एवढं आलं, बाकीचं वाटून टाकलं. कागदोपत्री आम्ही साउथ डकोटाचे. तिथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून लायसन्स काढलं, टपालही तिथल्याच एका पत्त्यावर जमा होतं. उन्हाळ्यात उत्तरेला डोंगरांत, थंडीत दक्षिणेला वाळवंटात. उत्तरेत थंडीत ट्रेलरचे पाण्याचे पाइप गोठून फुटतात, त्यामुळे ऑक्टोबर संपता संपता आमच्यासारख्यांचं सगळं बिऱ्हाड खाली सरकतं. आम्ही नोव्हेंबरमध्ये अँझा-बोरेगोला असतो, डिसेंबरमध्ये सॉल्टन सी सरोवराला वळसा घालतो, जानेवारीत क्वार्ट्झसाइट, फेब्रुवारीत युमा, मार्चमध्ये आहो गावाजवळ ऑर्गन पाइप कॅक्टसचं रान. मग ऊन चढायला लागतं आणि परत वर.

गावाच्या दक्षिणेला हायवे ९५ च्या दोन्ही बाजूंना ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल तिथे राहायचा परवाना मिळतो. आम्ही काढला तेव्हा पूर्ण हंगामाचे १८० डॉलर होते, चौदा दिवसांचे ४०. त्यात पिण्याच्या पाण्याचा नळ, मैल्याची टाकी रिकामी करायला डंप स्टेशन आणि कचऱ्याचे डबे अशा मोजक्याच सोयी मिळतात. वीज नाही, आखलेली जागा नाही, नंबर नाही. बारीक काळ्या खडीचं मैदान, मधूनमधून कोरडे ओढे, त्यांच्या काठाने पालो व्हर्डेची हिरव्या खोडाची झाडं. आवडेल तिथे थांबायचं.

आमच्या टाकीत दीडशे लिटर पाणी मावतं आणि ते दोघांना नऊ दिवस पुरतं. ताट आधी कागदाने पुसून घ्यायचं, मग फवाऱ्याच्या बाटलीने भिजवायचं, शेवटी कपभर पाण्यात विसळायचं. तांदूळ धुतलेलं पाणी पातेलं भिजवायला. मला हे जड गेलं नाही. माझं माहेर फलटण तालुक्यातलं, टँकरची वाट बघण्यात बालपण गेलं. आजी अंगणातल्या तुळशीपाशी उभं करून हात धुवायला लावायची, तेवढंच पाणी तुळशीला.

त्याच अंगणातली आणखी एक आठवण इथे वारंवार येते. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे कोकणाकडे निघायचे. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, मागे मेंढरं. आमच्या रानात दोन-तीन रात्री मेंढ्या बसवायचे, लेंडीखत मिळायचं, आजोबा त्याबद्दल धान्य द्यायचे. दर वर्षी तीच कुटुंबं. कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाचं लग्न ठरलं, हे आजीला शेजारच्या आळीपेक्षा त्यांचं जास्त ठाऊक असायचं. वर्षातून तीन रात्रींच्या भेटीवर एवढी ओळख कशी होते, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

ला पोसात आमची सगळ्यात जुनी ओळख मिनेसोटाच्या आप्पांची. खरं नाव वेगळं, पण चेहरा आणि खांद्यावरचा पंचासारखा टॉवेल बघून मी मनात आप्पा म्हणू लागले. एकदा तोंडातून निघून गेलं आणि त्यांनाही ते आवडलं. ऐंशीच्या घरातले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच एका जुन्या मोटरहोममध्ये.

पहिल्या हिवाळ्यात इथे तीन दिवस आभाळ भरून राहिलं. सोलर पॅनल नुसतेच छतावर पडून. आम्हाला वाटत होतं हीटर गॅसवर चालतो, म्हणजे काळजी नाही. पण गॅसवर तापलेली हवा आत ढकलणारा पंखा बॅटरीवर असतो आणि तो रात्रभर बॅटरी पीत राहतो. पहाटे तीनला पंखा घरघरून बंद पडला. बाहेर तीन-चार अंश. आम्ही स्वेटरवर स्वेटर घालून, गोधडीत एकमेकांना धरून उजाडायची वाट बघत बसलो. मला तेव्हा घर विकल्याचा पश्चात्ताप झाला, अगदी रडू येईपर्यंत. सातला दारावर टकटक. आप्पा उभे, हातगाडीवर जनरेटर आणि थर्मासमध्ये कॉफी. रोज साडेसहाला आमच्या खिडकीत दिवा लागतो, तो आज लागला नाही म्हणून आले होते.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला खूप शिकवलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली कललेला असतो, त्यामुळे आडवं पडलेलं पॅनल निम्मं वाया जातं. ते दक्षिणेकडे तिरपं उभं करायचं. रात्री हीटर बंद, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. नवऱ्याला घेऊन त्यांनी पॅनलखाली लावायचे अँगल स्वतः कापले. पैसे विचारले तर म्हणाले, पुढच्या वर्षी कुणी नवीन गारठलेला दिसला तर त्याला शिकवा.

त्यांनीच आम्हाला गावच्या स्मशानभूमीत हाजी अलीची समाधी दाखवली. मुंबईत कॉलेजची वर्षं काढलेल्या माणसाला हे नाव ॲरिझोनाच्या वाळवंटात ऐकून काय वाटलं असेल, सांगता येत नाही. १८५६ मध्ये अमेरिकी लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेला हा सीरियाकडचा उंटवाला. इथल्या जिभांना नाव झेपेना, म्हणून तो हाय जॉली झाला. यादवी युद्धात उंटांचा प्रयोग बारगळला. उंट गेले, हा राहिला. खाणी शोधत फिरला आणि १९०२ मध्ये इथेच गेला. दगडी पिरॅमिडवर धातूचा छोटा उंट उभा आहे. आप्पा तिथे टोपी काढून उभे राहतात. इतक्या लांबून येऊन इथल्या मातीत मिसळलेल्या त्या माणसाबद्दल मलाही फार माया वाटते.

यंदा आम्ही जानेवारीच्या सुरुवातीलाच पोचलो. कॅनडातून, अल्बर्टाहून येणारे काका-काकू आधीच आले होते. व्हॅनमधून एकटी फिरणारी निवृत्त नर्स दुसऱ्या दिवशी आली, तिचा कुत्रा दार उघडायच्या आत ओळखीचं भुंकायला लागला. सॅन होजेचं मराठी जोडपं छतावर इंटरनेटची थाळी लावून दिवसभर कामात. ती मुलगी आल्या आल्या म्हणाली, "ताई, यंदा संक्रांत आपल्याकडे ना? तीळ फिनिक्सहून आणलेत."

फक्त आप्पा नव्हते. त्यांच्या लेकीचा शरद ऋतूतच निरोप आला होता, डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद केलंय. शेकोटीभोवती त्यांनी रचलेलं दगडांचं कडं तसंच होतं. आम्ही खुर्च्या मांडल्या आणि त्यांच्या ठरलेल्या जागेवर कुणी बसलं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

संक्रांतीला मी आणि सॅन होजेच्या मुलीने तिळगूळ केला. अल्बर्टाच्या काकांनी युमाजवळची सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेसमध्ये नवे दात बसवून घेतलेत. ते गाव दाताच्या डॉक्टरांनी भरलेलं आहे आणि निम्मी ला पोसा तिथेच जाते. त्यांच्यासाठी चिक्कीचा गूळ बाजूला ठेवला आणि साध्या गुळाची मऊ वडी केली. तीळ खमंग भाजून अर्धवट कुटले, दाण्याचं कूट, वेलची, गूळ नुसता विरघळू दिला, पाक होऊ दिला नाही. काकांनी एक वडी तोंडात ठेवली, डोळे मिटले आणि मागच्या वर्षी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "गोड बोला"मधला "ड" त्यांना अजून जमत नाही. काकूंना आणि नर्सला हळदीकुंकू लावलं, आणि वाण म्हणून प्रत्येकीला एकेक फवाऱ्याची बाटली दिली.

शेकोटी पेटल्यावर आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. मिनेसोटात उणे वीस होतं. सगळ्यांशी बोलून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, पाऊस पडला का? पडला होता, आठवड्यापूर्वी, रात्रभर. दुसऱ्या दिवशी सगळ्या मैदानाला क्रिओसोटच्या झुडपांचा वास येत होता. मग ओकोटियो दाखव, म्हणाले.

ओढ्याच्या वळणावर त्यांचं एक ओकोटियो आहे. जमिनीतून निघालेल्या काटेरी, वाळक्या छड्यांची मोळी. वर्षातला बराच काळ मेल्यासारखी दिसते, पण चांगला पाऊस झाला की थोड्याच दिवसांत छडीभर पानं फुटतात. ती कितव्या दिवशी फुटतात ते आप्पा दर वर्षी वहीत टिपून ठेवायचे. टॉर्च घेऊन मी आणि सॅन होजेची मुलगी गेलो. मी फोन छडीच्या अगदी जवळ धरला. काट्याकाट्याच्या बेचक्यात नखाएवढी पोपटी पानं आली होती.

"कितवा दिवस?" त्यांनी विचारलं.

"सातवा."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आणि फुलं?"

"अजून नाहीत, आप्पा. मार्चमध्ये."

"मग मार्चमध्ये फोन कर," ते म्हणाले, "आहोला पोचलीस की लगेच."