सव्वा लिटर हवा

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी काम अडलं की पोटात गोळा येतो. मे महिन्यातल्या त्या बुधवारी आमच्या प्रेशर चेंबरमध्ये एक अ‍ॅल्युमिनियमची पेटी होती. आत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि त्यांच्याभोवती 40 लिटर तेल. शुक्रवारी ती न्हावा-शेवाला निघायची होती.

ही पेटी बसणार होती समुद्रतळाशी केबल पुरणाऱ्या यंत्रावर, म्हणजे ट्रेंचरवर. न्यूकॅसलला तयार झालेला 'अल्ट्रा ट्रेंचर' जवळजवळ 8 मीटर लांब, तेवढाच रुंद आणि सुमारे 2 मेगावॅट ताकदीचा आहे. एखादं छोटं घरच पाण्यात सोडावं तसा. असं यंत्र केबलच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून पाण्याचे जोरदार फवारे सोडतं. वाळू पातळ होते आणि केबल स्वतःच्या वजनाने त्यात बुडते. माती कडक असेल तर दातेरी साखळीने चर खणावा लागतो. एवढा खटाटोप कशासाठी, तर मासेमारीची ओढजाळी आणि जहाजांचे नांगर केबलपर्यंत पोहोचू नयेत म्हणून. 2008च्या जानेवारीअखेर अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. पाठोपाठ आखातात आणखी एक केबल तुटली. तिथे टाकून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर सापडला. आमची पेटी ऐन वेळी बंद पडली तर यंत्र जहाजावर परत ओढावं लागणार आणि तेवढे दिवस केबल तळावर उघडी राहणार, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

खोल पाण्यात पेटी चिरडत नाही, पण ते ती जाड असते म्हणून नव्हे. समुद्रात दर 10 मीटरला साधारण एक बार (म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेएवढा) दाब वाढतो, 1000 मीटरवर 100 बार. तो झेलायला पेटी तोफेसारखी करावी लागेल. त्यापेक्षा ती तेलाने काठोकाठ भरायची आणि शेजारी स्प्रिंगचा कॉम्पेन्सेटर लावायचा. बाहेरचा दाब वाढला की तो आत तेल ढकलतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्तच राहतो. आमच्या कॉम्पेन्सेटरमध्ये दीड लिटर तेल होतं.

चेंबरमध्ये दाब चढवायला सुरुवात केली. टेस्ट 125 बारपर्यंतची होती. 10 बारलाच कॉम्पेन्सेटरच्या दांड्याने तीन-चतुर्थांश अंतर कापलं. मग तो मंदावला, इतका की स्क्रीनवर आकडा हलतोय की नाही कळेना.

"आता बसलाय तो. घ्या 125 बारपर्यंत," साहेब म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं, ग्राहकाचे दोन फोन येऊन गेले होते.

मागे उभे असलेले आमचे फिटर काका हळूच म्हणाले, "मॅडम, तेल असं दबत नाही. तेल दमादमानं दबतं. पहिल्या धक्क्याला दबते ती हवा."

मी चेंबर थांबवलं आणि कागद ओढला. 100 बारला 40 लिटर तेल दबणार जेमतेम पाव लिटर, तेही सावकाश. सव्वा लिटरच्या आसपास हवा अडकलेली असेल, तरच आकडे जुळत होते. त्या हिशेबाने 125 बारला कॉम्पेन्सेटर नुकताच रिकामा होत आला असता आणि टेस्ट काठावर का होईना, पास झाली असती. मला घाम फुटला तो इथे. कारण आमच्या चेंबरचं पाणी पुण्याच्या उन्हाळ्याचं. हजार मीटर खाली ते पाच-सहा अंशांवर असतं. त्या थंडीत हेच तेल आणखी पाऊण लिटर आकसलं असतं. कॉम्पेन्सेटर तळाला पोहोचण्याच्या कितीतरी आधीच संपला असता आणि झाकण आत वाकून सीलमधून खारं पाणी शिरलं असतं.

मी साहेबांसमोर कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गुरुवारी कोण कोण येणार?"

काका आले, मी आले, साहेब स्वतः वडापाव घेऊन आले. कारण सापडायला अर्धा तास पुरला. यंत्रावर पेटी उभी बसते, म्हणून हवा काढायचा ब्लीड स्क्रू उभ्या पेटीच्या वरच्या कोपऱ्यात. आम्ही मात्र ती टेबलावर आडवी ठेवून तेल भरलं होतं. ड्रॉइंगवर भरताना पेटी कशी ठेवायची याचा उल्लेख नव्हता, आणि तो करून घेणं माझं काम होतं. हवा झाकणाच्या पट्ट्यांमागे जाऊन बसली होती.

पेटी उभी केली, व्हॅक्यूम पंप लावला. बुडबुडे निघत राहिले. काका लाकडी हातोडीने हलके ठोकत होते. वरून किती तेल मावलं ते मी मापाच्या भांड्याने मोजलं. सव्वा लिटरला जरा कमी.

शुक्रवारी सकाळी दांडा पहिल्या बारपासून शेवटपर्यंत एका चालीने सरकला. ट्रक दुपारी निघाला. तोवर काकांनी पिवळा रंग आणून पेटीच्या बाजूवर जाड बाण काढला होता आणि खाली लिहिलं होतं: 'तेल भरताना ही बाजू वर'. ते पुसून इंग्रजीत लिहायला साहेबांनी सांगितलं. मी म्हटलं, इंग्रजी खाली लिहू, हेही राहू दे.